डावा पंख जड : एका जुन्या दुरुस्तीचा माग

पार्श्वभूमी

दिंडोरीकडे द्राक्षबागा असलेल्या एका गृहस्थांनी बंद पडलेल्या एका फ्लाइंग क्लबचं दोन आसनी विमान विकत घेतलं. त्यांचे वडील तरुणपणी याच विमानावर उडायला शिकले होते. विमानाचं वय साठीच्या आसपास. त्यातली शेवटची वीसेक वर्षं ते हँगरच्या कोपऱ्यात पडून होतं, पंख उतरवून भिंतीला टेकवलेले. मालकांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "मला ते अंगणात शोभेला उभं करायचं नाही. उडणार असेल तरच हात लावा." ओळख पटू नये म्हणून विमानाचा नेमका प्रकार, नोंदणी आणि तारखा इथे दिलेल्या नाहीत.

रचना सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पोलादी नळ्या वेल्ड करून बनवलेला सांगाडा, त्यावर कापड. पंख डोक्यावर. प्रत्येक पंखात पुढचा आणि मागचा असे दोन लाकडी स्पार (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य तुळया), आणि खालून धरायला प्रत्येक बाजूला दोन तिरके दांडे, म्हणजे स्ट्रट. आपल्याकडच्या क्लबांत वर्षानुवर्षं उडालेलं पुष्पक (पहिलं उड्डाण १९५८) साधारण याच घराण्यातलं. अशा विमानात पुढचा स्ट्रट पंखाची उंची धरतो आणि मागचा स्ट्रट पंखाचा पीळ ठरवतो. मागच्या स्ट्रटच्या टोकाला आट्यांचा फोर्क असतो. तो आत-बाहेर फिरवला की पंखाची मागची बाजू खाली-वर होते.

नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एक शेड भाड्याने मिळाली. एअरफ्रेमची, म्हणजे इंजिन सोडून विमानाच्या सगळ्या ढाच्याची, जबाबदारी माझी. सोबत ओझरच्या एचएएल या सरकारी विमान कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर, त्यांना सगळेच काका म्हणायचे, आणि सातपूरच्या एका टूलरूममधला वेल्डर. ओझरचा कारखाना १९६४ साली मिग-२१ साठी उभा राहिला. त्यामुळे नाशकात घरटी नाही तरी गल्लीगणिक असा एखादा माणूस सापडतो, ज्याच्या हाताला विमानाच्या मापाची सवय आहे. शिवाय अंबड-सातपूरला जिग-फिक्श्चर (काम नेमक्या मापात धरून ठेवणाऱ्या चौकटी) बनवणारी माणसं मुबलक. हे काम दुसऱ्या गावात इतक्या सहज जमलं असतं असं मला वाटत नाही.

लॉगबुकात काय होतं

जुनी लॉगबुकं पूर्ण मिळाली हे नशीबच. एका उतरणीत विमान गर्रकन फिरलं होतं, ज्याला ग्राउंड लूप म्हणतात, आणि डाव्या पंखाचं टोक जमिनीला घासलं होतं. दुरुस्तीची नोंद दोन ओळींची होती : डावा पुढचा स्पार जोडला, डाव्या बाजूला सांगाड्याच्या वरच्या सांध्याला स्लीव्ह (आधाराचा नळीचा तुकडा) घालून वेल्ड केलं.

त्यानंतर काही महिन्यांनी वैमानिकाची तक्रार : डावा पंख जड. म्हणजे नियंत्रणाची काठी मधोमध सोडली की विमान डावीकडे कलतं. उपाय : उजवा मागचा स्ट्रट एक आटा लांब केला. महिनाभराने तीच तक्रार, उपाय : डावा मागचा स्ट्रट दोन आटे आखूड केला. त्यापुढे शेरा होता, सरळ उड्डाणात समाधानकारक.

आणखी दीड महिन्याने दुसऱ्या हस्ताक्षरात एक ओळ होती : स्टॉलला डावा पंख पडतो. त्यापुढे लिहिलं होतं, तपासले, ठीक. (स्टॉल म्हणजे वेग फार कमी होऊन पंखाची उचल तुटणं.)

या चारही नोंदी मी पहिल्याच आठवड्यात वाचल्या, पण एकमेकांना जोडून वाचल्या नाहीत. पंखाचं जडपण मिटलं आणि स्टॉलची तक्रार सुरू झाली, या दोन गोष्टी लागोपाठ घडल्या होत्या. ते तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

अडचण समोर आली ती अशी

कापड चढवण्याआधी उघडा सांगाडा एकदा जोडून बघतात. आम्ही तसा जोडला, स्ट्रट लॉगबुकात होते तितक्याच लांबीवर ठेवले आणि पंखांचे कोन घेतले. उजव्या पंखाचा पीळ मॅन्युअलमध्ये सांगितल्यापेक्षा जरा जास्त होता. डाव्याचा जवळजवळ नव्हताच.

हा पीळ म्हणजे वॉशआउट. पंख मुळाशी (सांगाड्याला जोडतो तिथे) जरा जास्त कोनात आणि टोकाशी कमी कोनात बसवतात. वेग कमी झाला की मुळाकडचा भाग आधी स्टॉल होतो, टोकाकडची हवा चिकटून राहते, एलेरॉन (पंखांच्या टोकाकडच्या हलत्या पट्ट्या) चालत राहतात आणि वैमानिकाच्या हातात काहीतरी उरतं. डाव्या पंखात ही सोयच संपली होती.

आम्ही सरळ स्ट्रट फिरवायला घेतले. डावा दोन आटे बाहेर, उजवा एक आटा आत, म्हणजे मूळ जागी. मग मॅन्युअलच्या रीतीने मुळाच्या रिबवर (रिब म्हणजे पंखाला आकार देणारी फासळी) आणि स्ट्रटजवळच्या रिबवर लेव्हल ठेवून फरक घेतला. दोन्ही पंख पुस्तकाप्रमाणे तंतोतंत आले. मी खूश झालो. काका नाही झाले. ते विमानाच्या मागे जाऊन शेपटीपाशी उकिडवे बसले, एक डोळा मिटून दोन्ही पंखांच्या मागच्या कडा बघत राहिले आणि म्हणाले, "साहेब, डावी कड वर आहे. मुळापासूनच वर आहे."

माप कुठून घ्यायचं

इथून पुढचे चार दिवस आम्ही काहीही फिरवलं नाही, फक्त मोजत बसलो. सांगाडा तीन ठिकाणी टेकवून समतळ केला. जमिनीवर सूत मारून मधली रेष आखली आणि प्रत्येक सांध्यावरून ओळंबा सोडला. ओळंबा शेजारच्या शेडच्या बांधकामावरच्या गवंड्याकडून आणला होता. तो डुलत राहू नये म्हणून खाली डब्यात जुनं इंजिन ऑइल ठेवलं आणि त्याचं टोक तेलात बुडवलं. पाच-सात सेकंदांत दोरी स्थिर व्हायची. उंची घ्यायला पाण्याची पारदर्शक नळी. कोन मोजणारा डिजिटल इन्क्लिनोमीटरही होता, पण त्याचा आकडा त्याला ठेवलेल्या जागेपुरताच खरा असतो.

पहिले दोन दिवस सकाळची मापं संध्याकाळच्या मापांशी जुळेनात. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. मग लक्षात आलं की शेडचं शटर पूर्वेला आहे आणि सकाळचं ऊन फक्त डाव्या बाजूच्या नळ्यांवर पडतं. पोलाद मीटरमागे एका अंशाला सुमारे १२ मायक्रॉन वाढतं. अडीच मीटरची नळी दुसऱ्या बाजूपेक्षा पंधरा अंशांनी तापली की अर्धा मिलिमीटर तिथेच आला. त्यानंतर मापं उजाडायच्या आत घ्यायची, शटर बंद ठेवून. थंडीचे दिवस होते, हात गारठायचे, पण आकडे जुळायला लागले.

उत्तर हे निघालं : सांगाड्यावरचं डाव्या मागच्या स्पारचं फिटिंग, म्हणजे स्पार जोडायचा कान, उजव्याच्या तुलनेत ८ मिलिमीटर वर होतं. हीच ती जुनी स्लीव्ह घातलेली जागा. दोन स्पारमधलं अंतर ७६० मिलिमीटर, म्हणजे मुळाशी डाव्या पंखाचा कोन सुमारे ०.६ अंशाने कमी. ऐकायला किरकोळ वाटतं. पण सरळ उड्डाणात अशा पंखाचा हवेशी परिणामी कोन पाच-सहा अंशांचाच असतो. ढोबळ हिशेबाने त्या पंखाची उचल दहाव्या भागाने घटली. सहाशे किलोच्या विमानात एका पंखावर तीनशे किलो धरले तर ही तूट तीस किलोंची. वैमानिक तासभर ती हाताने तोलत होता.

आता जुन्या नोंदी आपोआप उलगडल्या. अपघातानंतर सांधा वेल्ड केला तेव्हा फिटिंग कशालाच घट्ट धरलेलं नसावं. वेल्ड थंड होताना आक्रसतं आणि मोकळं टोक ओढून घेतं. मग पंख लावणाऱ्याने पुस्तकाप्रमाणे मुळाच्या रिबवरून वॉशआउट मोजला. मुळाची रिबच चुकीच्या कोनात होती, त्यामुळे ती चूक अख्ख्या पंखावर गेली. डावा पंख जड झाला. त्यावर स्ट्रट फिरवून टोकाची उचल वाढवली आणि मुळाशी कमी पडत होतं ते टोकाशी भरून काढलं. सरळ उड्डाणात तोल साधला. पण आता डावं टोक उजव्या टोकापेक्षा ०.४ अंश जास्त कोनात आणि डावं मूळ उजव्या मुळापेक्षा ०.६ अंश कमी कोनात, अशी गत झाली. वेग पडला की डावं टोक आधी स्टॉल होणार. वैमानिकाने लिहिलं होतं ते अगदी खरं होतं.

मालकांना हे सगळं आकृती काढून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मांडवाचा कोपऱ्याचा खांबच कललाय आणि आजवर सगळे तारा ताणत बसले." माझ्या आकृतीपेक्षा हे नेमकं होतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, स्ट्रट पुन्हा होते तसे करायचे. विमान वर्षानुवर्षं तसंच उडालं होतं, हा त्यामागचा युक्तिवाद. तो मला मान्य नव्हता, आणि उजव्या स्ट्रटने तो निकालातच काढला. फोर्क बाहेर काढून आटे मोजले तेव्हा कळलं की एक आटा लांब केल्यावर नळीत मॅन्युअलला हवेत त्यापेक्षा कमी आटे उरले होते. पंखाची उचल अंगावर घेणारा दांडा इतकी वर्षं त्यावर होता. तक्रार डाव्या पंखाची आणि धोका उजव्या बाजूला, हे कागदावरून कुणालाच दिसलं नसतं.

दुसरा पर्याय, फिटिंगला हात न लावता भोकात विकेंद्री बुश (भोक एका बाजूला सरकलेली कडी) घालून स्पार खाली आणायचा. टूलरूमवाल्यांना ही कल्पना फार आवडली, एका दिवसाचं काम. पण ८ मिलिमीटर हे बुशच्या आवाक्यातलं अंतर नाही. फिटिंगच्या पत्र्यात भोकाच्या कडेला धातू किती उरतो ते काढलं आणि विषय तिथेच थांबला.

तिसरा, जुनी दुरुस्ती कापून काढायची, फिटिंग जिगमध्ये धरून मूळ जागी आणायचं आणि नव्याने वेल्ड करायचं. ही मोठी दुरुस्ती. मंजूर माहितीशिवाय ती करता येत नाही. कागदपत्रांना महिने लागतात आणि वेल्ड बिघडला तर सांगाड्याचा तो कोपरा गेलाच.

चौथा पर्याय मालकांच्या मुलाने मांडला : इथेच थांबू, रंगवून ठेवू, आजोबांची आठवण म्हणून जपू. तो मनापासून बोलत होता, वडिलांच्या काळजीपोटी. मी त्याला सांगितलं की हा निर्णय चुकीचा ठरणार नाही, फक्त तसं ठरवायचं असेल तर आत्ता, कापायच्या आधी. बापलेकांनी दोन दिवस घेतले. मालकांचा फोन आला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "कापल्यावर परत जागेवर येईल याची खात्री किती?" मी म्हटलं, जिग पक्का असेल तर आहे. जिग आधी बनवतो, तुम्ही या, त्यात खोटा स्पार, म्हणजे मापाची नळी, सरकताना स्वतः बघा आणि मग हो म्हणा.

तिसरा पर्याय ठरला, पण या अटीवर.

प्रत्यक्ष काम

मंजुरीची वाट बघतानाच जिग उभा केला. सी-चॅनेलची चौकट काँक्रीटला अँकर बोल्टने बांधली. चारही पंख-फिटिंगच्या जागा मूळ आराखड्यावरून त्यावर घेतल्या. उजव्या बाजूवरून आरशातल्यासारखी डावी काढायचा मोह होता. तो टाळला ते बरं झालं, कारण उजवी बाजूही दीड मिलिमीटर हललेली निघाली. दोन्ही मागच्या फिटिंगमधून आरपार जाणारी एक सरळ, घासून घेतलेली नळी हा आमचा खोटा स्पार. काकांचा नियम एकच : ती हाताने सरकली पाहिजे, हातोडी लागली तर काम थांबवायचं. मिगच्या पत्र्याच्या कामात आयुष्य गेलेला हा माणूस, नळ्यांचं वेल्डिंग त्याचं क्षेत्रच नव्हतं, पण ही शिस्त त्याने ओझरहून आणली होती.

मंजुरी आली. मालक आले, खोटा स्पार स्वतःच्या हाताने आत-बाहेर सरकवून बघितला. उजव्या बाजूला गेला, डाव्या बाजूला अडला. त्यांनी मान डोलावली आणि आम्ही जुनी स्लीव्ह कापली.

कापल्याबरोबर फिटिंगने टण्णकन आवाज करत तीन मिलिमीटर खाली उडी घेतली. वेल्डमध्ये कोंडलेला ताण इतकी वर्षं तिथे बसून होता. शेडमध्ये क्षणभर कुणी बोललं नाही.

आतली नळी कापून बघितली तर खालच्या बाजूला गंज होता, पण पातळ. खराब तुकडा काढला, आत नवी स्लीव्ह घातली, टोकं माशाच्या तोंडासारखी तिरकी कापली म्हणजे वेल्डची रेघ एकाच वर्तुळात येत नाही. टिग वेल्डिंग, आधी समोरासमोर चार टाके, मग थोडं थोडं, दर वेळी विरुद्ध बाजूला. क्रोमोली पोलादाला वाऱ्याची झुळूकही नको असते, एकदम गार झालं तर ठिसूळ होतं. त्या दिवशी शटर, खिडक्या, पंखे सगळं बंद. वेल्डर भावाने घामाघूम होऊन साडेतीन तासांत सांधा पुरा केला. जिगचे बोल्ट दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सोडले नाहीत. सोडल्यावर खोटा स्पार हाताने सरकला. उरलेली चूक अर्ध्या मिलिमीटरहून कमी.

सांधा तपासून झाल्यावर नळ्यांच्या आत गरम जवसाचं तेल फिरवून निथळून काढलं. बंद नळीला आतून गंजापासून वाचवायची ही जुनी रीत आजही चालते.

पंखाकडे वळलो तेव्हा डावा पुढचा स्पार नाकारावा लागला. जोडाचा उतार ठीक होता, पण जोडाचं एक टोक स्ट्रटच्या फिटिंगच्या पट्टीखाली शिरलं होतं. अशा फिटिंगखाली जोडाचा कुठलाही भाग येऊ नये असं अमेरिकेच्या एफएए या विमान-नियामक संस्थेची एसी ४३.१३-१बी ही पुस्तिका स्पष्ट सांगते. नवा स्पार घडवायला लागणारं स्प्रूस लाकूड बाहेरून येईपर्यंत हंगाम उलटला. त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही, वाटच बघितली.

निष्पत्ती

पंख पुन्हा जोडले, दोन्ही स्ट्रट मॅन्युअलच्या मूळ लांबीवर, नवे फोर्क लावून. या वेळी मुळाच्या रिबचा कोन आधी समतळ केलेल्या सांगाड्यावरून घेतला, दोन्ही बाजूंचा फरक ०.१ अंशाच्या आत आल्यावरच वॉशआउटकडे गेलो. मग कापड, डोप (कापड ताणून धरणारा लेप), रंग.

विमान ट्रकने जिल्ह्याबाहेरच्या एका धावपट्टीवर नेलं. परवानगीनंतर पहिलं उड्डाण एका अनुभवी वैमानिकाने केलं, त्यांना जुन्या नोंदींची प्रत आधीच दिली होती. उतरल्यावर त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. स्टॉलला नाक सरळ खाली जातं, पंख पडत नाही, तीन वेळा करून बघितलं. आणि उजवा पंख किंचित जड आहे, बोटभर.

ते बोटभर जडपण उजव्या मागच्या स्ट्रटच्या अर्ध्या आट्याने गेलं. फोर्कचे आटे इंचाला वीस, म्हणजे एक फेरा सव्वा मिलिमीटरचा. पण दांडा तिरपा असल्यामुळे स्पार त्याच्या साधारण दुप्पट हलतो, म्हणून अर्धा आटा पुरला. किती आटे आत आहेत तो आकडा आता लॉगबुकात आहे, आणि स्ट्रटवर रंगाने खूणही आहे.

कुठे वेगळं करायला हवं होतं

सर्वांत आधी, सांगाडा हाती आल्यावर आम्ही सँडब्लास्ट करून प्रायमर मारला आणि मग मोजलं. जुन्या रंगाखालचे ओरखडे, वेल्डभोवतीचा जळका रंग, फिटिंग कुठे सरकलं त्याच्या खुणा, सगळं वाळूने पुसून गेलं. रंगासकट मोजलं असतं तर निदान दोन आठवडे वाचले असते.

स्ट्रट उतरवताना आटे मोजून लिहिले नव्हते. लॉगबुकातल्या आकड्यावर विसंबलो. तो खरा निघाला, पण ते आम्हाला नंतर कळलं.

तिसरी गोष्ट मला अजूनही बोचते. स्ट्रट फिरवून पुस्तकाचे आकडे आले तेव्हा मी काम पुढे न्यायला तयार होतो. कापड चढवायची तारीख ठरली होती, माणसं ठरली होती. काका शेपटीपाशी बसले नसते तर हा सांधा कापडाखाली झाकला गेला असता, आणि पहिल्या उड्डाणात डावा पंख जड निघाल्यावर आम्हीही स्ट्रटच फिरवला असता. आता माझ्या तपासणी यादीत, अपघाताची एकही नोंद असलेल्या विमानासाठी, समतळ सांगाड्यावरून चारही पंख-फिटिंगच्या उंचीचं माप ही वेगळी ओळ आहे, आणि ती स्ट्रटच्या आधी येते.

चौथा निर्णय अजून वादात आहे. उजव्या बाजूचा दीड मिलिमीटर आम्ही तसाच सोडला, कारण तो मूळ कारखान्याच्या मर्यादेत होता. काकांचं म्हणणं, जिग उभाच होता तर तेही करून टाकायचं होतं. माझं म्हणणं, चांगल्या वेल्डला कापून नवा ताण कशाला घालायचा. पंचवीस तासांच्या उड्डाणानंतर विमान पुन्हा समतळ करून मोजणार आहोत, थंडीतच, शटर बंद ठेवून. ओळंबा आता आमच्या मालकीचा आहे.